इंदूचे भाते

माझी बायको गेली त्या दिवशी दुपारी ती भात्यात तोंड घालून बसली होती.

भाता म्हणजे बाजाच्या पेटीला असतो तसाच. जुन्या कॅमेऱ्यात पुढे काच असते, मागे फिल्म, आणि मधे ही घड्याघड्यांची काळी नळी. कॅमेरा पुढेमागे करताना भाता उघडतो, मिटतो. काम त्याचं एकच. काचेतून येईल तेवढाच उजेड आत येऊ द्यायचा, बाजूने एक टिपकाही नाही. पन्नास-साठ वर्षं झाली की चामडं घडीवर झिजतं, कोपऱ्यात भोकं पडतात, आणि मग लाखमोलाची काच असली तरी फोटोवर पांढरे ओघळ येतात. असे भाते नवीन करून द्यायचं काम लालबागला आमच्या खोलीत चालायचं.

हा भाता मोठा होता. गिरगावातला एक जुना स्टुडिओ बंद पडला, तिथला लाकडी कॅमेरा दिघे साहेबांनी घेतला. दिघे शिवाजी पार्कला राहतात, रिटायर आर्किटेक्ट, जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. त्यांची आणि त्यांच्या मित्रांची एक मंडळी आहे. त्यांनी दादरला हॉल घेऊन प्रदर्शन ठेवलं होतं, आणि ह्या कॅमेऱ्यावर तिथे लोकांचे खरोखर फोटो काढणार होते. म्हणजे भाता चालता हवा, नुसता दिसायला नको.

तर दुपारची वेळ. पंखा बंद. इंदू पाटावर बसलेली, भात्याचं मोठं तोंड तिच्या चेहऱ्यावर, डोक्यावरून गोधडी. मी बाहेरून तारेचा बल्ब भात्याच्या अंगाला लावून फिरवत होतो. आतून ती बघायची, कुठे तारा चमकतो का. तारा दिसला म्हणजे भोक.

"कोपऱ्यार आणा," गोधडीतून आवाज. "खालच्या. धावडावू नकात, देवाची आरती नाय ती."

मी जन्मापासून लालबागचा, माझी मालवणी इथे झिजून गेली. तिची नाही. देवगडकडची, लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी तशीच्या तशी.

सगळे कोपरे झाले. एकही तारा नाही. मी बल्ब बंद केला. तरी ती गोधडीतून बाहेर येईना. मग आतूनच म्हणाली, "ह्या येळेक दिघ्यांका माझा नाव सांगा."

मी म्हटलं, "काय सांगू?"

"हो भातो मी केलंय म्हणान."

मी म्हटलं, "बघू."

एवढंच म्हटलं. ती बाहेर आली, घाम पुसला, केस बांधले. आम्ही दोघांनी मिळून भाता मिटला, तिने वर पोळपाट ठेवला, पोळपाटावर माझ्या वर्कशॉपमधला लोखंडी ठोकळा ठेवला. चहा केला. "थोडी पडतंय," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दिवेलागणीला मी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी हृदयाचं सांगितलं. संध्याकाळीच सगळं झालं.

मी सातवी शिकलोय. लिहायची सवय नाही. पण तो 'बघू' माझ्या घशात अडकलाय, म्हणून लिहितो.

मी गिरणीत टर्नर होतो. कापड नाही विणलं कधी, मशिनचे पार्ट करायचो. गिरणी बंद झाल्यावर गल्लीतल्या एका गाळ्यात छोटं लेथ मशिन टाकलं. तिथे फोर्टातला एक कॅमेरे दुरुस्त करणारा यायला लागला. रशियन कॅमेऱ्याचं चाक, जर्मन कॅमेऱ्याचा स्क्रू, जे कुठे मिळत नाही ते पितळेत करून मागायचा. ते मला जमलं. आजही जमतं. माझं चाक बसवलेला कॅमेरा चावी दिल्यावर घड्याळासारखा चालतो. हे मी माझ्या तोंडाने सांगतो कारण ते खरं आहे. पण भाता हे माझं काम नव्हतं.

पहिला भाता आला तेव्हा मी त्याला काळी पट्टी चिकटवली. घरी जेवताना टेबलावर ठेवला होता. इंदू तेव्हा चाळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, साडीला फॉल लावायची. तिने तो भाता उचलला, बोटाने घड्या चाळल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी चोरी करताना सापडलोय. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर गेलो आणि हिने तो अख्खा उसवला. ब्लेडने, पदर पदर करून. बाहेर चामडं, आत कापड, आणि मधे कागदाच्या कडक पट्ट्या, एकाआड एक. घडी त्या पट्ट्यांमुळे पडते. कोणी शिकवलं नाही तिला. उसवलं आणि कळलं.

पहिला तिने वर्तमानपत्राचा केला, नुसती घडी समजायला. दुसरा अस्तराच्या कापडाचा. तिसरा खरा. असा देखणा झाला की मी तो बाजूच्या गाळेवाल्याला नेऊन दाखवला. मग कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेरा मिटेना. भाता जाड झाला होता. झाकण अर्धं उघडंच. चौथा केला तो खटकन मिटला. तेव्हापासून तिचं एक बोलणं ठरलेलं. "उघडूक कोणाकय येता. मिटूक येवक होया." कामाबद्दल म्हणायची, आणि चाळीतल्या भांडणाबद्दलही.

तो चौथा भाता ज्याचा होता, तो माणूस कॅमेरा न्यायला खोलीवर आला. चांगल्या घरचा, परळला ऑफिस. मी त्याला हौसेने सांगितलं, बायकोने केलाय. त्याने भाता परत एकदा उलटापालटा करून बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा खूश होता, आता शंका काढायला लागला. हे शिवणकाम किती टिकेल, नाजूक वस्तू आहे, ब्लाऊज नाही. शेवटी घेऊन गेला, पण पुन्हा आला नाही.

इंदू आतल्या दाराशी उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "पुढच्या येळेक तुम्हीच केलास म्हणान सांगा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. काम येत राहील म्हणून बरं वाटलं, आणि मास्तर म्हणून घ्यायला मिळेल म्हणूनही. त्या दिवसापासून मी परब मास्तर, भातेवाला. आणि ती वहिनी, चहा बरा करतात.

तिची मापं पट्टीवर नसायची. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक दोरा होता, त्याला गाठी. पहिली गाठ मोठं तोंड, दुसरी लहान तोंड, मग घडीची रुंदी. इंग्रजी नावं तिला वाचता यायची नाहीत, म्हणून तिने आपली नावं ठेवली होती. चपटा. बोडका. एकाला सासरा म्हणायची, कारण उघडताना कुरकुरायचा. ग्राहक माझ्याशी फोनवर लांबलचक इंग्रजी नाव बोलायचा, मी रिसीव्हरवर हात ठेवून आत ओरडायचो, "सासऱ्याचा भाता मागतोय गं," आणि ती बरोबर तोच दोरा काढायची.

आणि पट्ट्या. भात्यातल्या कडक पट्ट्यांना कागद कुठला घ्यावा हा मोठा प्रश्न होता. पुठ्ठा जाड पडतो, वहीचं कव्हर मोडतं. तिने शोधून काढली लग्नाची पत्रिका. साधी, एकेरी, मखमल नको, चकचकीत नको. ती घडीला कडक राहते आणि मिटल्यावर पातळ. मग आमच्याकडे लग्नांची हजेरी वाढली. ओळख असो नसो, इंदू जायची, अक्षता टाकायची, आणि निघताना नवरीच्या आईला कोपऱ्यात घेऊन विचारायची, पत्रिका उरल्यात काय. लोकांना वाटायचं बिचारीला आठवण म्हणून हव्यात. ही पिशवी भरून आणायची.

कापायच्या आधी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती ती कात्रीने गोल काढून घ्यायची. देवाला कॅमेऱ्यात कोंडायचं नाही, म्हणायची. ते सगळे गणपती एका डब्यात साठायचे आणि वर्षाला विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याबरोबर जायचे. चाळीच्या गणपतीमागून आमचा डबाभर गणपतींचा वेगळा लवाजमा. मंडळाची पोरं हसायची. ती म्हणायची, तुमच्या एका गणपतीक इतकी माणसा, माझ्या शंभरांका मी एकटीच.

अलीकडे तिची तक्रार होती. "लोका लग्ना करतत, पण पत्रिका छापनत नाय. फोनार धाडतत. फोन कापू काय?"

एकदा जर्मनीहून एका माणसाने पत्र पाठवलं. आमचा भाता त्याच्याकडे दहा-बारा वर्षं होता. त्याच्या कुत्र्याने तो फाडला. फाटलेल्या जागेतून त्याला अक्षरं दिसली. त्याने फोटो काढून पाठवला आणि विचारलं, कारागिराने आत सही केली आहे का, कोणाची आहे, मला जपून ठेवायची आहे. फोटोत होतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. आणि खाली अर्धवट, 'चि. सौ. कां.'

आमची मुलगी वैशाली तेव्हा शिकत होती. ती हसून हसून जमिनीवर बसली. मग म्हणाली, बाबा, मी लिहिते त्याला, आईचं नाव लिहिते. मी इंदूकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. मी म्हटलं, नको, त्याला काय कळणार, मास्तर परब लिही. इंदू परत थापायला लागली. त्या माणसाकडे आजही माझं नाव आहे. कापलेल्या लग्नपत्रिकेसकट.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझा माज कळेल. चार-पाच वर्षांमागे फिल्मवर फोटो काढायचं वेड नव्या मुलामुलींत परत आलं. लोअर परळच्या ऑफिसांतले, हातात आजोबांचा कॅमेरा. पाच-सहा जण एका रविवारी दिघे साहेबांबरोबर खोलीवर आले. मास्तर, एक भाता आमच्यासमोर घडी करून दाखवा, व्हिडिओ काढतो. मी बसलो. कापड, पट्ट्या समोर. मला पहिली घडी कुठून धरायची तेसुद्धा येत नव्हतं. मी नुसता कापड सरळ करत बसलो.

इंदू आतून आली, पदराने हात पुसत. त्यांना म्हणाली, ह्यांचो हात आज दुखता. मग मला, तुमी सांगा, मी करतंय. आणि माझ्याकडे बघत, मीच सांगतोय असं दाखवत, तिने घडी घातली. मी 'हां, आता तो कोपरा' असं काहीतरी म्हणायचो, ते तिचा हात तिथे पोचल्यावर. चारी बाजूंनी एकाच वेळी बोटं चालत होती तिची, दहा बोटं म्हणजे दहा माणसं. दोन मिनिटांत भाता उभा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला.

ती पोरं गेल्यावर मी म्हटलं, वाचवलंस. ती म्हणाली, कोपरो सांगताना उशीर करत होतास, जरा लवकर सांगूचा.

दिघे साहेबांच्या मंडळींनी माझा सत्कार केला होता. दादरलाच. शाल, श्रीफळ, आणि वर दोन शब्द. इंदू दुसऱ्या रांगेत, हिरवी साडी. मी ठरवून गेलो होतो की आज बोलून टाकायचं. माइक हातात आला, समोर एवढी शिकलेली माणसं, आणि मी म्हटलं, सगळ्यांचे आभार. घरी आल्यावर तिने शाल हातात घेऊन चिमटीत धरली, उजेडासमोर बघितली.

"बरी आसा," म्हणाली. "काळी असती तर भात्याक आतून लावली असती."

मी हसलो. तीही हसली. मला वाटलं, तिला काही वाटत नाही. माणूस आपल्या सोयीचं धरून चालतो.

आता तिच्या कामाबद्दल सांगतो, कारण ते ह्या सगळ्याहून मोठं आहे. तिचा एकही भाता गळून परत आला नाही. कुत्र्याने फाडला तो सोडून. कॅमेऱ्याच्या आत कापडाचा बारीक पडदा असतो, फोटो काढताना झपकन सरकतो, तोही ती करायची. रबर लावलेलं रेशीम, केसाएवढी शिलाई. त्यात एक टाका उंच राहिला तर पडदा अडकतो. तिचा अडकला नाही. फोर्टातला दुरुस्तीवाला, जो माझ्या पितळेच्या चाकात खोड काढायचा, तो पडद्यावर नुसतं बोट फिरवायचा आणि गप्प बसायचा. मी वीस वर्षं गिरणीत काढली, मोठे मोठे कारागीर बघितले. तिच्या जोडीला बसवावा असा एक नाही. आणि ती आत स्वयंपाकघरात पाटावर बसून, मधेच उठून डाळ ढवळून येऊन, हे करायची. गोंद सुकायला भात्याची काळी कापडं गॅलरीच्या दोरीवर चिमटे लावून टांगायची. नवीन भाडेकरू विचारायचे, घरात कोणी वकील आहे का.

स्वतःचा फोटो तिने कधी धड काढू दिला नाही. कॅमेरा समोर आला की भाता बघायची, काच नाही. त्यामुळे ती गेल्यावर भिंतीला लावायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात ती रागावलेली दिसते. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भेटायला येत होती. खोलीत चटई, पलीकडे शेजारच्या राणेवहिनी आणि चाळीतल्या बायका, माझ्याजवळ वैशाली. दहाच्या सुमाराला दिघे साहेब आले. पांढरा शर्ट, चपला बाहेर काढून आत बसले. मग माझा हात धरून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "मास्तर, तुमच्या एवढ्या कलेला वहिनींची मूक साथ होती. आम्ही तुमचे भाते बघायचो, त्यामागे त्या होत्या."

चांगल्या मनाने म्हणाले. बायकांनी माना हलवल्या. मला तिथेच गप्प बसता आलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, साथ माझी होती. भाते तिचे."

त्यांना वाटलं दुःखात बोलतोय. म्हणाले, हो हो, दोघांचेच.

"दोघांचे नाहीत. मला भाता येत नाही. पहिल्यापासून येत नाही. एकही मी केलेला नाही. मी खोटं बोललो."

वैशाली हळूच म्हणाली, बाबा, आत्ता नको. मी म्हटलं, आत्ताच. आधी नको नको करतच ही वेळ आली.

दिघे माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरात तिचे सात-आठ भाते असतील. बहुतेक एकेक आठवत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या रविवारी हात दुखत होता तो?"

"हात बरा होता."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, प्रदर्शनाची पाटी छापून आलीय मास्तर. तुमच्या नावाची.

मी म्हटलं, दुसरी छापा. नाहीतर भाता पोळपाटाखालून उचलणार नाही. तो तिने काल तपासलाय, एक टिपका गळत नाही, पण नावाशिवाय मी देणार नाही. आणि मला मास्तर म्हणू नका, पितळेच्या चाकांपुरतं म्हणा हवं तर.

त्यांनी खिशातून पेन काढलं. पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, इंदुमती यशवंत परब, लालबाग, माहेर देवगड. माहेर लिहायची पद्धत नसते, म्हणाले. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मी परत वाचायला लावलं. तेव्हा वैशाली रडली, सकाळपासून पहिल्यांदा.

राणेवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पस्तीस वर्षांच्या शेजारी, भिंतीला भिंत. म्हणाल्या, "म्हणजे ती काळी कापडं सुकत घालायची, ती तुमची नव्हती? तिचीच? आणि बोलली नाही ती मला? कसं करायची काय हो?"

मला करता येत नाही. पण मी एवढी वर्षं समोर बसून बघितलं होतं. मी चटईवर पुढे सरकलो आणि सांगायला लागलो. दोरा कसा धरायची. गाठ कुठे. गणपती आधी का कापायचा. मधल्या पट्ट्या आणि कोपऱ्याच्या पट्ट्या वेगळ्या का. नवीन माणसं येत होती, दारात वाकून बघत होती, काय चाललंय त्यांना कळत नव्हतं, तरी बसत होती. दिघे साहेब उठले नाहीत.

दुपारचा एक वाजला. राणेवहिनींच्या सुनेने पिठलंभात आणला. वैशाली म्हणाली, बाबा, दोन घास खा, कालपासून काही नाही पोटात.

मी म्हटलं, थांब गं, अजून घडीवर आलोच नाही.